लार्ज कॅप ग्रोथ फंडाचा दीर्घकालीन परतावा: दहा वर्षांच्या आकड्यावर किती विसंबावे?

गंगापूर_रोड (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालो असून नाशिकमध्ये राहतो. माझी मुलगी अमेरिकेत नोकरी करते आणि तिच्या कंपनीच्या निवृत्ती योजनेतील निम्मी रक्कम तिने 'लार्ज ग्रोथ' या प्रकारच्या फंडात ठेवली आहे. माझ्याकडेही एका लार्ज कॅप फंडाचे युनिट आहेत आणि खाते-उताऱ्यावर योजनेच्या नावापुढे 'ग्रोथ' असेच छापलेले आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही आपापले दहा वर्षांचे परतावे शेजारी मांडले, तेव्हा तिचा आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा निघाला. दोन्ही फंड मोठ्या कंपन्यांचे आणि दोन्ही ग्रोथ, मग एवढा फरक का पडावा? आणि दहा वर्षांचा हा आकडा पुढील वीस वर्षांच्या नियोजनासाठी धरावा का?

जुना_हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दातच आहे. आपल्या उताऱ्यावरचा 'ग्रोथ' हा पर्याय आहे, म्हणजे फंडाला झालेला नफा आपल्याला वाटला न जाता एनएव्हीमध्येच, म्हणजे एका युनिटच्या मूल्यातच, राहतो. ज्या पर्यायात तो वाटला जातो त्याला पूर्वी 'डिव्हिडंड' म्हणत, एप्रिल 2021 पासून त्याचे नाव 'आयडीसीडब्ल्यू' झाले. आपल्या मुलीच्या फंडातील 'ग्रोथ' ही मात्र शेअर निवडण्याची पद्धत आहे: ज्या कंपन्यांची कमाई वेगाने वाढण्याची अपेक्षा असते आणि त्या अपेक्षेपोटी ज्यांना चढा भाव मिळतो, अशाच कंपन्या तिथे घेतल्या जातात. आपल्याकडे सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये घालून दिलेल्या वर्गवारीनुसार लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के रक्कम बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्यांत ठेवावी लागते, मग त्या वेगाने वाढणाऱ्या असोत वा संथ. तेव्हा नाव सारखे असले तरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय तिचा परतावा डॉलरमधला आहे. 2000 च्या सुमारास डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2024 मध्ये तो 83-84 वर गेला, म्हणजे रुपयात मोजल्यास वर्षाला सुमारे अडीच टक्के आणखी मिळवावे लागतील. अर्थात तिचा खर्च डॉलरमध्येच होणार असल्याने तिला त्याचे फारसे कौतुक नसावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी सेन्सेक्सचे वर्षअखेरचे चार आकडे पाहावेत. 2007 अखेर 20,287, 2008 अखेर 9,647, 2017 अखेर 34,057 आणि 2018 अखेर 36,068. डिसेंबर 2017 ला संपणाऱ्या दहा वर्षांचा चक्रवाढ परतावा, लाभांश सोडून, वर्षाला जेमतेम 5.3 टक्के येतो. डिसेंबर 2018 ला संपणाऱ्या दहा वर्षांचा 14.1 टक्के येतो. मधल्या त्या एका वर्षात निर्देशांक केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढला होता. मग दहा वर्षांचा आकडा एवढा कसा उडाला? 2008 ची पडझड हिशेबाच्या मागच्या टोकाने बाहेर पडली, इतकेच. फंडाच्या व्यवस्थापकाने त्या वर्षी काहीही केले नसते तरी जाहिरातीतला आकडा असाच सुधारला असता.

सातपूर_एमआयडीसी

एवढे खोलात जाण्याची गरज आहे का? प्रत्येक वर्षाचे टक्के लिहून सरासरी काढली की कोणत्याही फंडाचा अंदाज येतो. मी गेली अनेक वर्षे तेच करतो.

जुना_हिशेबनीस

तसे करू नये, असे नम्रपणे सुचवतो. वरचेच आकडे घ्या. 2008 मध्ये सेन्सेक्स 52.4 टक्के पडला आणि 2009 मध्ये 81 टक्के वाढून 17,465 वर आला. आपल्या पद्धतीने सरासरी वर्षाला 14.3 टक्के येते आणि मन प्रसन्न होते. प्रत्यक्षात 20,287 चे 17,465 झाले, म्हणजे दोन वर्षांनंतरही 100 रुपयांचे 86 च उरले. निम्मी झालेली रक्कम मूळपदावर यायला दुप्पट व्हावी लागते. साध्या सरासरीला हे दिसत नाही.

निफाडचा_बागायतदार

आकडे बरोबरच आहेत, परंतु माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा आहे. मी 2012 पासून एका मोठ्या कंपन्यांच्या फंडात दरमहा रक्कम भरत होतो आणि कागदावर परतावा चांगला दिसत होता. मार्च 2020 मध्ये दोन एकर द्राक्षबाग काढणीला आली आणि टाळेबंदी लागली. ठरलेला व्यापारी फिरकला नाही, मजूर गावी निघून गेले, आणि उरलेल्या मालाचा बेदाणा करण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यासाठीही हातात रोकड लागणारच होती. जानेवारीत 41,952 वर असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 25,981 वर बंद झाला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी निम्म्याहून अधिक युनिट विकले, कारण खरड छाटणी आणि खतांचा खर्च थांबवता येत नव्हता. नोव्हेंबरमध्ये, गोडी छाटणीनंतरची बाग फुलोऱ्यात असताना, निर्देशांक जानेवारीच्या उच्चांकाच्याही वर गेला.

फंडाच्या पत्रकात त्या वर्षाचा परतावा उत्तम छापलेला आहे आणि तो खोटा नाही, फक्त तो माझ्या वाट्याला आला नाही. आमच्या धंद्यात माल पडतो तेव्हाच पैसा लागतो. म्हणून आता दोन हंगामांचा खर्च मी मुदत ठेवीत ठेवतो आणि फंडातील रकमेला त्याच्या आधी हात लावत नाही.

गोदाकाठची_वाचक

मुलीच्या फंडाविषयी एक भर घालते. अमेरिकेत वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांचा शेअर म्हणजे जास्त परतावा, असा समज गेल्या पंधरा वर्षांत पक्का झाला आहे. परंतु फामा आणि फ्रेंच या अर्थतज्ज्ञांनी 1992 मध्ये तिथल्या जुन्या आकडेवारीवरून नेमके उलटे दाखवले होते, की दीर्घ काळात स्वस्त भावाच्या शेअरनीच अधिक दिले. अशाच कंपन्यांचा, विशेषतः तंत्रज्ञान कंपन्यांचा, भरणा असलेला तिथला नॅसडॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये 5,048 वर होता, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114 वर आला आणि जुना उच्चांक ओलांडायला एप्रिल 2015 उजाडले. पंधरा वर्षे! एवढ्या काळात पहिलीत गेलेले मूल पदवीपर्यंत पोहोचते. तिची निम्मी रक्कम एकाच पद्धतीत असेल, तर एवढे तिला जरूर सांगावे.

आपल्या फंडापुरते म्हणाल, तर खर्चाचे प्रमाण, म्हणजे फंड दरवर्षी आपल्या रकमेतून किती टक्के कापून घेतो, ते तपासावे; एका टक्क्यानेही मोठा फरक पडतो. एक लाखाचे 12 टक्क्यांनी पंचवीस वर्षांत 17 लाख होतात, 11 टक्क्यांनी साडेतेरा लाखांच्या थोडे वर. वितरकाचे कमिशन नसल्याने कमी खर्चाचे असणारे डायरेक्ट प्लॅन जानेवारी 2013 पासून उपलब्ध आहेत; वितरकामार्फतचा तो रेग्युलर प्लॅन.

गंगापूर_रोड (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. काल उतारा पुन्हा काढून पाहिला, योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर प्लॅन – ग्रोथ' असे आहे; पहिले दोन शब्द मी आजवर वाचलेच नव्हते. वितरकाकडे गेल्या वीस वर्षांचे, दर महिन्यापासून सुरू होणारे दहा-दहा वर्षांचे रोलिंग रिटर्न मागितले आहेत आणि त्यातला सर्वांत कमी आकडा आधी सांगा, असे कळवले आहे. ते म्हणाले, असे अजून कोणी विचारले नव्हते, दोन दिवस द्या. मुलीला नॅसडॅकचे आकडे पाठवले. तिचा प्रतिप्रश्न आला की बाबा, 2002 मध्ये विकत घेणाऱ्याचे काय झाले? तोही हिशेब करायला बसावे लागणार.