स्वतःच्या डोक्यात काय घालायचं, हे सरकारने का ठरवावं?

उत्रेख्तकर:
मूळचा साताऱ्याचा, नोकरीला नेदरलँड्समध्ये. इथे 1 डिसेंबर 2008 पासून सायकेडेलिक मशरूमवर बंदी आहे. पण त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी, म्हणजे ट्रफल, बंदीच्या यादीत आल्याच नाहीत, त्यामुळे त्या दुकानात राजरोस मिळतात. दोन्हींत भास घडवणारं द्रव्य एकच, सिलोसायबिन. कायदा करणाऱ्यांची ही अक्कल बाजूला ठेवू.

मी एकदा घेतलं. दुकानातल्या मुलीने आधी चौकशी केली: औषधं कुठली चालू आहेत, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, सोबत कोण असणार. माझ्या पुढचा गडी बिअर ढोसून आला होता, त्याला तिने गोड बोलून वाटेला लावलं. चव आंबूस, खवट अक्रोडासारखी. पुढचे काही तास मी सोफ्यावर पडून होतो आणि बायको शेजारी मटार सोलत होती. कुणाचं काही बिघडलं नाही.

दिवाळीत साताऱ्याला मामांशी यावरून वाजलं. मामा पोलीस खात्यातून निवृत्त. ते म्हणाले, "कायदा तुझ्यासाठी नसतो रे, तुझ्या मागून येणाऱ्यासाठी असतो." मला उत्तर सुचलं नाही, पण पटलंही नाही. दुसरा कुणी बिघडेल म्हणून माझ्या डोक्यावर पहारा का? दारू चालते, तंबाखू चालते, मग हेच का नाही? ज्यांनी यावर विचार केलाय त्यांनी लिहा. "आपली संस्कृती" असं सुरू होणारी उत्तरं नकोत.

तारीख_पे_तारीख:
वकील आहे, एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची कामं करतो. त्यामुळे माझ्याकडे तत्त्वज्ञान कमी आणि तराजू जास्त.

कॉलेजच्या पोराकडे एलएसडीचे बारा कागदी तुकडे सापडले असं धरा. एका तुकड्यावर माल साधारण 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे सगळा मिळून 1.2 मिलिग्रॅम. कायद्यात 2 मिलिग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण: जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता तेच कागदासकट तोला. एकेक तुकडा दहा-बारा मिलिग्रॅमचा, बारांचे झाले सव्वाशेच्या आसपास. 100 च्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. कमीत कमी दहा वर्षं, वर किमान एक लाख दंड, आणि कलम 37 मुळे जामीन मिळता मिळत नाही. मिसळलेल्या पदार्थाचंही वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. एलएसडीचा कागद वजनात येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये. पोरगा तोच, माल तोच, नऊ वर्षांचा फरक कागदाचा.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा: मागच्याला धाक बसावा म्हणून पुढच्याला दहा वर्षं आत टाकायचं, हे न्यायाचं काम की बुजगावण्याचं?

तरीही उद्यापासून पानटपरीवर मिळावं, असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्यावर बंदी आणि घेणाऱ्याला तुरुंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकाच पिशवीत कोंबल्या. पोर्तुगालने 2001 मध्ये त्या वेगळ्या केल्या. तिथे दहा दिवसांपुरता माल सापडला तर तो जप्त होतो, माणूस समितीपुढे जातो, फौजदारी खटला नाही. आपल्याकडे कलम 64अ आहे, पण ते उपचाराला तयार असलेल्या व्यसनीसाठी. म्हणजे तुम्ही आजारी तरी असा, नाहीतर गुन्हेगार. उत्रेख्तकरांसारख्या नुसत्या कुतूहलवाल्याला रकानाच नाही. आणि हो, ते ट्रफलचं पाकीट बॅगेत घालून मामांकडे आणू नका.

रात्रपाळी_डॉक्टर:
मानसोपचाराची निवासी डॉक्टर. थोडक्यात लिहिते, वॉर्डात आहे. सिलोसायबिनने शरीराला विषबाधा होण्याचा धोका कमी, व्यसनही सहसा लागत नाही, हे खरं. पण घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर लांब राहा. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर अजिबात नाही, झटके येऊ शकतात. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यात हे देऊ शकतात. तिथेही घरी नेऊन घ्यायला नाही, देखरेखीखाली. दुकानातल्या मुलीने विचारलं ते प्रश्न बरोबरच होते. बंदी असलेल्या बाजारात ते कुणी विचारत नाही, आणि पुडीत नक्की काय आहे हेही कळत नाही. मला बंदीची सगळ्यात जास्त चीड याच कारणाने येते.

आडवी_बाटली:
चंद्रपूरची आहे. "माझं डोकं, माझा हक्क" हे सगळं वाचलं. तुमच्या शेजारी मटार सोलणारी होती म्हणून काही बिघडलं नाही, हे तुम्हीच लिहिलं ना बाप्पा? तिच्या सुट्टीचा हिशोब कोणी धरला? आमच्या जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी आली ती वरून टपकली नाही. 2010 ला चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी गेल्या होत्या. पिणाऱ्याचं स्वातंत्र्य घरात कोण निस्तरते ते त्यांना ठाऊक होतं.

उत्रेख्तकर:
ताई, ट्रफल घेऊन कुणी बायकोला मारत नाही. दारूची आणि याची गल्लत होतेय. आणि बंदी असताना चंद्रपुरात दारू मिळायची नाही का?

आडवी_बाटली:
मिळायची. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बाजूने यायची, दुप्पट भावाने, आणि बनावटही. मी कुठं म्हटलं बंदीनं सगळं सुधारलं? वकीलसाहेबांचं कागदाचं गणित वाचून मलाही धक्काच बसला. पोराला दहा वर्षं हे चूकच. माझं म्हणणं वेगळं आहे. मारहाण नाही होत, बरं. पण डॉक्टरबाईंनी सांगितलेलं ते आजाराचं प्रकरण एखाद्या घरात उपटलं, तर रात्रभर कोण बसते? हक्क ठरवायला बसाल तेव्हा त्या बसणारीला पण खुर्ची द्या. गावातलं दुकान बंद करायला अर्ध्याहून जास्त बायांची मतं लागतात, हा नियम तरी आहे. जिल्ह्याची बंदी 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत उठली, तेव्हा आमच्याकडं मतपेटी काही आली नाही.