अनुभव धागा: घरात निसटलेला हॅमस्टर कसा सापडला?

पुणे (धागाकर्ती)

आमचा लाडू नावाचा सोनेरी हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) गेल्या श्रावणात चार रात्री बेपत्ता होता. पाण्याची बाटली बदलल्यावर पिंजऱ्याचे दार नीट बसले की नाही हे मी पाहिले नाही, त्यामुळे दोष सर्वस्वी माझा होता, आणि थोरल्या मुलीने तो पुढचे चार दिवस मला विसरू दिला नाही. त्या काळात ओळखीच्या प्रत्येकाने काही ना काही उपाय सांगितला, पण स्वतः हॅमस्टर शोधलेला माणूस एकही भेटला नाही. म्हणून ज्यांनी खरोखर शोधला आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा ही विनंती. सुरुवात मी करते.

पहिल्या दिवशी आम्ही जे केले ते मुळीच करू नये. दिवसाढवळ्या सोफा, टीव्हीचे कपाट, पलंग असे सगळे ओढून पाहिले. दुपारच्या वेळी हॅमस्टर कुठेतरी गाढ झोपलेला असतो, आणि जड सामान सरकवताना तो त्याखाली चिरडला जाण्याची शक्यता असते, हे आमच्या लक्षात संध्याकाळी आले. शिवाय आमच्या धांगडधिंग्याने तो आणखी आत दडला असावा. दुसऱ्या रात्री मात्र डोके थोडे ताळ्यावर आले. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात मोजून पाच शेंगदाणे ठेवले, सगळी दारे लावली आणि दारांखालच्या फटींत जुने पंचे घट्ट कोंबले. सकाळी दिवाणखान्यातले आणि दोन्ही शयनगृहांतले शेंगदाणे जसेच्या तसे होते, तर स्वयंपाकघरातले पाचही नाहीसे झाले होते. एवढ्या एका गोष्टीने शोधाचे क्षेत्र चार खोल्यांवरून एका खोलीवर आले.

तिसऱ्या रात्री भिंतीच्या कडेने तांदळाच्या पिठाचा पातळ पट्टा पसरला. सासूबाईंनी रांगोळी सुचवली होती, परंतु ती दगडाची भुकटी असते आणि हा प्राणी सतत पंजे चाटून अंग स्वच्छ करतो, म्हणून पीठच वापरले. सकाळी चिमुकल्या पावलांची रांग फ्रिजच्या मागून निघून ओट्याखालच्या ट्रॉलीच्या तळाशी गेलेली दिसली. ट्रॉल्यांच्या खाली, फरशीच्या आणि सर्वांत खालच्या कप्प्याच्या मध्ये, चार बोटांची पोकळी असते आणि तिच्यापुढे एक फळी लावलेली असते, हे दहा वर्षे त्याच ओट्यावर स्वयंपाक करूनही मला माहीत नव्हते. चौथ्या रात्री त्या फळीसमोर पिंजरा जमिनीवर ठेवला, दार उघडे ठेवले, आत त्याचा स्वतःचा वापरलेला भुसा तसाच राहू दिला आणि काकडीची एक फोड ठेवली. दिवे घालवून मी पाटावर बसून राहिले. रात्री दीडच्या सुमारास फळीमागे खरवडल्याचा आवाज आला, मग बाहेर आलेले नाक, मग मिशा, आणि पाच मिनिटांनी लाडू आपल्या पायांनी पिंजऱ्यात शिरून चाकावर चढला, जणू मधल्या चार रात्री त्याने काही केलेच नव्हते.

ठाणे

आमचा बुटका हॅमस्टर होता, म्हणजे अंगठ्याएवढा. पिंजरा विकत घेताना दुकानदाराने तो सगळ्या हॅमस्टरांना चालतो असे सांगितले होते. घरी आल्यावर तिसऱ्याच रात्री हे महाशय दोन गजांच्या मधून बाहेर पडले. ज्या फटीतून डोके जाते त्या फटीतून उरलेले शरीरही जाते. बुटक्या जातींसाठी गजांमधील अंतर सात मिलिमीटरपेक्षा कमी असावे हे नंतर समजले. तो सोफ्यात सापडला. सोफ्याच्या बुडाला खालून जे काळे पातळ कापड ठोकलेले असते, त्याच्या एका कोपऱ्यात आधीपासूनच भोक होते. दोन दिवस आम्ही कोणालाही त्यावर बसू दिले नाही, आणि पाहुणे आले तेव्हा त्यांना खाली सतरंजीवर बसवून कारण सांगावे लागले. शेवटी चौघांनी मिळून सोफा अलगद आडवा केला आणि कापड कात्रीने उसवले. आतला कापूस उपसून त्याने क्रिकेटच्या चेंडूएवढे घरटे केले होते आणि त्यात तो झोपला होता.

नागपूर

वरच्या पुण्याच्या अनुभवात पावलांची रांग फ्रिजच्या मागून निघाली होती, म्हणजे हॅमस्टर तिथल्या उबेला गेला असावा, आणि पुण्या-मुंबईकडे ते बरोबरही असेल. पण आमचा हॅमस्टर मे महिन्यात निसटला, आणि नागपुरातील मे महिन्यात उबेच्या शोधात कोणताही शहाणा प्राणी निघत नाही. आम्ही मात्र कोणाच्या तरी सल्ल्यावरून दोन रात्री फ्रिज आणि इन्व्हर्टरच्या मागे बॅटरी मारत बसलो. हॅमस्टरला घाम येत नाही, उष्णता त्याला पटकन बाधते, आणि तापलेल्या घरात तो ओलसर गारवा शोधतो, हा विचार माझ्या वडिलांना सुचला. त्यांनी पहाटे चार वाजता माठाच्या तिवईखाली पाहिले. माठाचा पाझर जिथे फरशीवर ओघळतो, त्या ओल्या जागेला पोट चिकटवून तो पसरला होता. त्याने पळण्याचा प्रयत्नही केला नाही.

ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांनी हॅमस्टर हरवल्याचे कळताच प्रथम कूलर बंद करून त्याच्या टाकीत पाहावे. खाली पाणी असते आणि पत्र्याच्या सरळ भिंती चढून बाहेर येणे या प्राण्याला शक्य नसते. तीच गोष्ट स्नानघरातील भरलेल्या बादल्यांची.

श्टुटगार्ट, जर्मनी

आमच्या इमारतीत प्रत्येक कुटुंबाला तळघरात सामानाची एक खोली असते. जानेवारीत आम्ही नाताळाचे खोके खाली नेऊन ठेवले, आणि त्यांपैकी एका खोक्यात आमचा हॅमस्टर होता हे पाच दिवसांनी समजले, कारण तोवर आम्ही वरचे घर धुंडाळत होतो. तळघर अतिशय थंड असते. खोका उघडला तेव्हा तो अंगाची मुटकुळी करून पडला होता, शरीर गार आणि ताठ होते, श्वास दिसत नव्हता. मुलाने रडत रडत त्याला पुरण्यासाठी बागेतली जागासुद्धा निवडली. माझ्या पत्नीने मात्र आधी पशुवैद्यांना दूरध्वनी केला, आणि त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला की खोलीचे तापमान किती होते. सोनेरी हॅमस्टर पाच अंशांच्या आसपासच्या थंडीत, विशेषतः अंधारात, शीतनिद्रेत जाऊ शकतो. तेव्हा त्याचे हृदय आणि श्वसन इतके मंदावते की अनोळखी माणसाला तो मेलेलाच वाटतो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्याला हीटरजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवले नाही. साध्या खोलीत आणले आणि ओंजळीत धरून हळूहळू ऊब दिली. पाऊण तासाने एक मिशी हलली. मग तो थरथरू लागला, आणि त्या थरथरीने आम्ही पुन्हा घाबरलो, पण ऊब परत येतानाचे ते लक्षण होते. संध्याकाळपर्यंत तो पाणी प्यायला.

जाता जाता एक गंमत. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला याच प्राण्यावरून 'हाम्स्टर्न' असे क्रियापद आहे, आणि २०२० च्या मार्चमध्ये दुकानांतले पीठ व टॉयलेट पेपर संपले तेव्हा तो शब्द इथे रोज ऐकू येई. आमच्या खोक्यात काचेच्या गोळ्यांच्या मधोमध सूर्यफुलाच्या बियांचा ढीग पाहिल्यावर तो शब्द किती नेमका आहे हे पटले.

छत्रपती संभाजीनगर

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अनुभवासोबत थोडी माहिती जोडण्याचा मोह आवरत नाही. आज जगभरातील घरांत आणि प्रयोगशाळांत दिसणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर एकाच कुटुंबाचे वंशज आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इस्रायल अहरोनी यांच्या मोहिमेत १९३० मध्ये सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतात एक खोल बीळ खणून मादी आणि तिची पिल्ले पकडण्यात आली. पिल्ले घरी आणल्यावर पेटीतून निसटली. त्यांपैकी बहुतेक पुन्हा सापडली आणि विद्यापीठाकडे गेली, तेव्हा तेथेही काहींनी लाकडी पिंजऱ्याचा तळ कुरतडून पळ काढला. जी उरली त्यांच्यापासून पुढची सारी प्रजा झाली. तेव्हा आपला हॅमस्टर पळाला म्हणून कोणी स्वतःला फार दोष देऊ नये, त्याच्या पूर्वजांनी तज्ज्ञांनाही हेच करून दाखवले आहे.

शोधताना उपयोगी पडेल असे सांगायचे तर, या प्राण्याची दृष्टी अधू असते आणि तो वास, मिशा व स्मरण यांच्या आधाराने फिरतो. मोकळ्या जागेत त्याला असुरक्षित वाटते, म्हणून तो भिंतीला अंग घासत जातो. सोनेरी जातीच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात, आणि जाताना तो आपला वास मागे ठेवत जातो. त्यामुळे पहिल्या रात्री ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तो पुन्हा जाण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी फिनेलने फरशी पुसून काढणे म्हणजे त्याच्या खुणा पुसणे होय. माझ्या नातवाचा हॅमस्टर पुस्तकांच्या कपाटामागे गेला होता, आणि तो ज्या कडेने रोज ये-जा करत होता त्याच कडेला मी पुठ्ठ्याची नळी भिंतीला टेकवून ठेवली. रात्री अकरा वाजता तो नळीत शिरल्यावर दोन्ही तोंडांवर हात ठेवले, एवढेच मला करावे लागले. हाताने झडप घालून पकडण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण घाबरलेला हॅमस्टर कडकडून चावतो. हे मी अंगठ्यावरच्या व्रणाच्या आधाराने सांगत आहे.

डोंबिवली

बादलीचा सापळा सगळे सुचवतात, म्हणून त्याचा खरा अनुभव लिहितो. उंच प्लास्टिकची बादली घ्यायची, तळाशी जाड टॉवेल घालायचा म्हणजे पडल्यावर लागत नाही, वर काठापर्यंत पुस्तकांच्या पायऱ्या करायच्या आणि आत वासाचे काहीतरी ठेवायचे. आम्ही शेंगदाण्याचे कूट ठेवले. पहिल्या सकाळी बादलीत खडबड ऐकू आल्यावर आनंदाने सगळ्यांना उठवले, आणि आत एक अस्सल डोंबिवलीकर उंदीर बसलेला निघाला. आमच्या घरात उंदीर आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. दुसऱ्या रात्री कूट काढून सफरचंदाची फोड आणि हॅमस्टरच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा ठेवला, तेव्हा पहाटे योग्य तो प्राणी सापडला. बादली निदान दीड वीत तरी खोल हवी, नाहीतर मोठा हॅमस्टर उडी मारून काठ पकडतो.

कोल्हापूर

उंदराचा उल्लेख झाला म्हणून मला लिहिणे भाग आहे. आमच्या घरात उंदरांसाठी लावलेला चिकट पुठ्ठा गॅस सिलिंडरच्या मागे राहून गेला होता आणि आम्ही तो विसरलो होतो. हॅमस्टर हरवल्याच्या दुसऱ्या रात्री त्याच्या किंचाळण्याने जाग आली. चारही पाय आणि पोट चिकटले होते. कोणीही अशा वेळी ओढू नये, त्याने कातडी सोलून निघते. आम्ही गोडेतेल थेंबाथेंबाने बोटांनी कडेकडेने चोळले आणि तो सुटायला जवळजवळ तास लागला. नंतर पशुवैद्यांकडे नेले. पोटावरची लव गेली होती, एक नख तुटले होते, पण तो वाचला आणि पुढे वर्षभर जगला.

हॅमस्टर निसटला हे समजताच पहिल्या पाच मिनिटांत घरातील सर्व चिकट पुठ्ठे, सापळे आणि विषाच्या वड्या उचलाव्यात, शोध त्यानंतर सुरू करावा. बाजारातील उंदरांचे पुष्कळसे विष रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणून सापडलेला हॅमस्टर वरवर ठणठणीत असला तरी विष कुरतडलेले आढळल्यास लगेच डॉक्टरांकडे न्यावे, त्यावर 'के' जीवनसत्त्वाचे औषध असते. वडीचे वेष्टनही सोबत न्यावे.

मडगाव

आमचा सापडला नाही. घर जुने, तळमजल्याचे, कौलारू, आणि मागील दारी मांजरांचा राबता. पीठ, शेंगदाणे, बादली हे सगळे अकरा रात्री केले. तिसऱ्या रात्रीपर्यंत पिठावर पावले उमटत होती, नंतर उमटली नाहीत. न्हाणीघराच्या मोरीला जाळी नव्हती, ती नंतर बसवली.

पुणे (धागाकर्ती)

इतके तपशीलवार अनुभव लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. मडगावकरांचे वाचून मी उठून आमच्याही मोरीची जाळी हलवून पाहिली. ती सैल होती. ठाण्याच्या ताईंनी विचारले होते की लाडूने चार रात्रींत काय साठवले होते. ट्रॉलीखालची फळी सुताराकडून काढून घेतली तेव्हा तेथे बावीस शेंगदाणे मिळाले, म्हणजे मी स्वयंपाकघरात ठेवलेल्या पाचांपेक्षा बरेच जास्त, शिवाय थोडी मटकी, पोह्यांचा चुरा आणि माझ्या हरवलेल्या कानातल्याची फिरकी. मटकीला मोड आले होते. पिंजऱ्याच्या दाराला आता कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावतो, आणि कालपासून लाडूने तो आतून कुरतडायला घेतला आहे.