रिलीफला टाकलं म्हणजे मागे टाकलं का?

सॅनहोजेची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा १२ वर्षांचा, डावखुरा, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, पिचिंग (बॉल टाकायचं काम) करतो. आतापर्यंत मॅचची सुरुवात तोच करायचा, या सीझनला कोचनी त्याला शेवटच्या दोन इनिंगसाठी ठेवलंय. परवा घरी आला तो डोक्यावरची कॅपसुद्धा न काढता खोलीत जाऊन बसला, जेवलाच नाही. आम्ही दोघं क्रिकेट बघत वाढलो, यातलं फार कळत नाही. रिलीफ पिचर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी नंतर येणारा, दुय्यम असतो का? त्याला सांगता येईल असं कुणाचं उदाहरण आहे का?

डावखुरा_फ्रिमाँट:
ताई, उदाहरण तुमच्याच गावचं आहे. डेव्ह रिगेटी, सॅन होजेचा, १९५८ चा जन्म आणि डावखुराच. १९८१ ला न्यूयॉर्क यांकीज टीमकडून रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. मग ४ जुलै १९८३, यांकी स्टेडियम, समोर बोस्टन, आणि पठ्ठ्याने अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिली नाही, शेवटचा आउट वेड बॉग्ज आणि तोही स्ट्राइकआउट, म्हणजे त्या वर्षी लीगमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेजला एक नंबर असलेला माणूस! यांकीजच्या कुणी अशी नो-हिटर टाकायची ही १९५६ नंतरची पहिलीच वेळ.
आणि पुढच्याच वर्षी त्याला रिलीफला पाठवलं. कारण यांकीजसाठी मॅचचा शेवट सांभाळणारा गूस गॉसेज सॅन दिएगोला निघून गेला आणि शेवट सांभाळायला भरवशाचा माणूस हवा होता. १९८६ मध्ये त्याने ४६ सेव्ह केले, तेव्हाचा मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा) रेकॉर्ड, त्यातले शेवटचे दोन एकाच दिवशी, बोस्टनमध्ये जाऊन.

नवव्या_इनिंगचा_भक्त:
सेव्ह म्हणजे काय ते सांगतो. टीम थोड्या रननी पुढे असते, साधारण तीनपर्यंत, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकवायची. डेथ ओव्हर टाकणाऱ्यासारखंच, फक्त इथे एकदा बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही, त्यामुळे चूक झाली तर सुधारायला दुसरा स्पेल नाही. हे काम कच्च्या पोराला कुणी देत नाही हो.
आणि रिगेटीचं खरं मोठं काम तर नंतरचं. २००० ते २०१७, सलग १८ सीझन सॅन फ्रान्सिस्को जायंट्स टीमचा पिचिंग कोच, मॅनेजर तीन झाले पण हा तिथेच. २०१०, २०१२, २०१४, जायंट्सनी तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदं, जिंकली.

आकडेमोड:
थोडं वेगळं मत. लिन्सेकम, केन, बमगार्नर असे पिचर हाताशी असताना कोण जिंकणार नाही? २०१७ ला तीच टीम ९८ मॅच हरली आणि मग रिगेटींना त्या पदावरून हलवलंच की.

डावखुरा_फ्रिमाँट:
मग पिचर व्होगलसाँगचं काय? २००६ नंतर मेजर लीगमध्ये नाही, मधली तीन वर्षं जपानमध्ये, आणि २०११ ला चौतिशीला टेकलेला असताना जायंट्सकडून थेट ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. असा माणूस आयता मिळत नाही, त्याच्यावर कुणीतरी काम केलेलं असतं. आणि लिन्सेकमची ती वडिलांनी शिकवलेली अंग पिळून टाकायची विचित्र अ‍ॅक्शन, ती मोडायला कुणी गेलं नाही, हेही कोचिंगच आहे. माझं मत, सुरुवात आणि शेवट दोन्ही स्वतः करून बघितलेल्या माणसालाच कळतं कुणाला कधी हात लावायचा नाही ते.

तिसऱ्या_बेसजवळ:
आमची सीट एकदा जायंट्सच्या बुलपेनला (रिलीफ पिचर थांबतात त्या जागेला) लागून होती, तेव्हा ते मैदानातच फाउल लाइनच्या बाहेर असायचं, अगदी हाताच्या अंतरावर. सहा इनिंग ती मंडळी बाकावर बसून समोरचा एकेक बॅटर बघत होती, मग फोन वाजला, एकाने जॅकेट काढलं, आणि दहा-पंधरा बॉलमध्ये हात गरम करून हजारो लोकांसमोर तो माउंडकडे, म्हणजे बॉल टाकायच्या जागेकडे, निघाला. कॅचरच्या ग्लोव्हमधला तो फटाक आवाज अजून कानात आहे. ताई, मुलाला एकदा तशा जागी बसवा.

सॅनहोजेची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल प्रॅक्टिसला सोडताना गाडीत हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, आई, तो कुठल्या शाळेत होता?

डावखुरा_फ्रिमाँट:
पायोनियर हायस्कूल. सॅन होजेतच आहे, मैदान दाखवून आणा त्याला.