मदत हवी आहे: मार्सिलियसच्या 'वॅलेन्शिओर पार्स'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

आमचा सात-आठ जणांचा अभ्यासगट मॅकियाव्हेलीच्या आधीचा युरोपीय राजकीय विचार वाचतोय. पाठ्यपुस्तकं ॲरिस्टॉटल झाला की ऑगस्टिन आणि अक्वायनसला पान-दोन पानं देतात आणि मधली शतकं ओलांडून जातात. म्हणून मी मुद्दाम पाडुआच्या मार्सिलियसवर, म्हणजे चौदाव्या शतकातल्या एका इटालियन विचारवंतावर, टिपण लिहायला घेतलं. त्याचा 'डिफेन्सर पॅसिस' ('शांतीचा रक्षक') हा लॅटिन ग्रंथ १३२४चा. एका शब्दावर येऊन गेले दोन आठवडे अडकले आहे.

पहिल्या भागाच्या बाराव्या प्रकरणात तो म्हणतो की कायदा करणारा म्हणजे लोक, म्हणजे सगळा नागरिकसमूह, किंवा त्याचा 'वॅलेन्शिओर पार्स' ('पार्स' म्हणजे भाग; 'वॅलेन्शिओर' म्हणजे साधारण 'अधिक बळाचा किंवा मोलाचा', पण नेमका शब्द कुठला हाच माझा प्रश्न). पोप नाही, राजाही नाही. १३२४ साली हे लिहायला काय छाती लागली असेल!

मी आधी सरळ 'बहुमत' लिहिलं. गटातल्या एका काकांनी लगेच अडवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. बहुमत म्हणजे डोकी मोजणं. मार्सिलियस तर हा भाग ठरवताना संख्या आणि गुण दोन्ही बघायला सांगतो. मग 'प्रतिष्ठित वर्ग' लिहून पाहिलं, तर सगळा तोल सरदार-सावकारांकडे गेला. 'वजनदार' म्हटलं की आपल्याला वजनदार मंत्रीच आठवतो. 'प्रबळ'मध्ये दांडगाईचा वास येतो. इंग्रजी अनुवादकांचंही एकमत नाही: गेवर्थ 'जास्त वजनाचा' या अर्थाचा शब्द घेतात, तर ॲनाबेल ब्रेट 'ज्याची सरशी होते तो' या अर्थाचा.

मागे जाऊन पाहिलं तर धागा ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'पर्यंत पोचतो. हा ग्रंथ लॅटिनमध्ये आला तो १२६०च्या सुमारास, मूरबेकच्या विल्यमने ग्रीकवरून केलेल्या अनुवादातून. त्याच्या चौथ्या पुस्तकात आहे की राज्यव्यवस्था टिकायची तर ती हवी असणारा भाग नको असणाऱ्यांपेक्षा बळकट हवा, आणि हे बळ गुण आणि संख्या दोन्ही धरून जोखायचं. तिसऱ्या पुस्तकातली उपमा तर मला फारच आवडते: एकाच्या खर्चाने झालेल्या जेवणापेक्षा अनेकांनी हातभार लावलेलं जेवण सरस. आपली अंगतपंगतच की! गाव करी ते राव न करी.

दुसरीकडे चर्चच्या निवडणुकांत 'सॅनिओर पार्स', म्हणजे अधिक सुज्ञ भाग, ही कल्पना जुनीच होती. बेनेडिक्टच्या मठनियमांत मठाधिपती निवडताना ती येते. मार्सिलियसने 'सुज्ञ' न म्हणता 'वॅलेन्शिओर' म्हटलं, यात मला तरी अर्थ दिसतो. कोण सुज्ञ हे ठरवायला कुणीतरी वरचा लागतो, आणि असा वरचा त्याला नकोच होता.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. लेखक कोण हे १३२६मध्ये उघड झालं तेव्हा मार्सिलियसला पॅरिस सोडून पोपशी भांडण चालू असलेल्या जर्मन राजाच्या, बव्हेरियाच्या लुडविगच्या, आश्रयाला जावं लागलं. पुढच्याच वर्षी पोप बाविसाव्या जॉनने त्याच्या मतांचा निषेध केला. आणि १३२८मध्ये लुडविगने रोममध्ये पोपशिवाय, रोमच्या लोकांच्या नावाने, सम्राटपदाचा मुकुट घातला.

सध्या माझं मन 'भारी पडणारा भाग' यावर आहे. वजनही आलं, सरशीही आली, आणि संख्येने की गुणाने हे मोकळं राहिलं. पण टिपणात हा शब्द पंधरा-वीस वेळा येतो, तिथे तो फार बोलीतला वाटेल का?

कुणी मूळ लॅटिन वाचलं असेल तर दोन गोष्टी सांगा. 'वॅलेन्शिओर'मध्ये ताकदीची छटा जास्त की मोलाची? आणि स्त्रिया, मुलं, गुलाम, परके यांना तो नागरिकांतून वगळतो, तर 'सगळा नागरिकसमूह'ला मी 'जनता' म्हणणं चुकीचंच ना? मला 'पौरसमूह' बरा वाटतोय. पुढच्या रविवारी टिपण वाचायचं आहे, त्याआधी कुणी सुचवलं तर फार उपकार होतील.