मदत हवी आहे: बाबांना श्वास रोखता येत नाही, फुफ्फुसाच्या रेडिएशनसाठी पट्टा की आणखी काही? (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार) जुना आहे, दोन इन्हेलर चालू आहेत. उजव्या फुफ्फुसाच्या अगदी खालच्या भागात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर, पण पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. फुफ्फुसात तेवढी ताकद नाही म्हणून सर्जननी ऑपरेशनला नकार दिला. आता एसबीआरटी (नेमक्या जागी, थोड्याच वेळा पण जोरदार रेडिएशन) ठरलंय, एक दिवसाआड पाच वेळा, दर वेळी १० ग्रे (रेडिएशनचं माप).

गोची अशी की गाठ एका जागी थांबत नाही. फोर-डी सीटीत (श्वासाबरोबरची हालचाल दाखवणारा स्कॅन) ती श्वासागणिक वर-खाली १४ मिलिमीटर सरकताना दिसली. नवी मुंबईतल्या ज्या रुग्णालयात उपचार होणार आहेत तिथले डॉक्टर म्हणतात, पोटावर पट्टा आवळू, श्वास उथळ होईल. ठाण्यात दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले, खोल श्वास घेऊन रोखायला शिकवा, सगळ्यात चांगलं तेच. घरी खुर्चीत बसवून करून पाहिलं, दहा सेकंदांच्या आत बाबांना खोकल्याची उबळ येते. धाकटा भाऊ रात्रभर मोबाईलवर वाचतो आणि सकाळी सायबरनाइफचं (हलत्या गाठीचा माग काढत किरण देणारं मशीन) नाव घेतो. आई म्हणते, काय करायचं ते करा पण आता उशीर नको.

श्वास रोखता आला नाही तर उपचार कमअस्सल होतो का? पट्ट्याने धाप लागणार नाही का? आणि टेबलावर असतानाच खोकला आला तर? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

लिनॅकवाला_वाशी

रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण हे सगळं का करतात ते सांगतो.

नेहमीच्या पद्धतीत ६० ग्रे ३० वेळांत विभागून देतात. एखाद्या दिवशी थोडं इकडेतिकडे झालं तरी बाकीचे दिवस सांभाळून घेतात. तुमच्याकडे ५० ग्रे पाचच वेळांत जाणार, म्हणून नेम चुकवून चालत नाही. श्वासपटलाजवळच्या (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू), म्हणजे फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या गाठी सगळ्यात जास्त हलतात, वरच्या भागातल्या त्या मानाने शांत. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या (रेडिएशनची मात्रा आणि प्लॅन पाहणारे तज्ज्ञ) संघटनेने २००६ च्या अहवालात ५ मिलिमीटरच्या पुढे हालचाल असेल तर ती आटोक्यात आणण्याचा विचार करा असं म्हटलंय. १४ म्हणजे बरीच झाली.

काहीच केलं नाही तर गाठ जिथे जिथे जाते तो सगळा भाग किरणांखाली घ्यावा लागतो. गाठ मरते, पण सोबत निरोगी फुफ्फुसही जास्त भाजतं, आणि सीओपीडीवाल्याकडे ते आधीच कमी असतं. खरी काळजी ही आहे.

श्वास रोखण्याचा फायदा खोटा नाही. फुफ्फुस फुगलं की त्याचा कमी हिस्सा किरणांत येतो. पण दर वेळी १५-२० सेकंद, तेही अनेकदा आणि एकाच पातळीवर रोखावा लागतो. दहा सेकंदांच्या आत उबळ येणाऱ्या माणसाकडून ओढूनताणून करून घेतलेला श्वास दर वेळी वेगळा येतो, मग सगळं मुसळ केरात. अशा पेशंटला साधा, एकसारखा श्वास जास्त उपयोगी.

मधला एक मार्ग तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही, गेटिंग. पेशंट आपला आपला श्वास घेतो, पोटावरच्या खुणेवर कॅमेरा लक्ष ठेवतो आणि ठरलेल्या टप्प्यातच बीम (किरणांचा झोत) चालू होतो. बहुतेक वेळा श्वास सोडल्यानंतरचा टप्पा धरतात, कारण तिथे गाठ जरा जास्त वेळ विसावते. वेळ जास्त लागतो, एवढंच.

सायबरनाइफबद्दल भावाला सांगा की गाठीचा माग काढायला अनेकदा सुईने सोन्याचे बारीक मार्कर बसवावे लागतात. सीओपीडीच्या फुफ्फुसात सुई गेली की हवा गळून फुफ्फुस आकसण्याचा धोका वाढतो. गाठ एक्स-रेत स्वच्छ दिसत असेल तर मार्करशिवायही जमतं, पण श्वासपटलाजवळची नेमकी दिसेल याची खात्री नसते. मशीनच्या नावामागे धावू नका.

डॉक्टरांना एकच विचारा: पट्टा लावून फोर-डी सीटी केला तर १४ चे किती उरतात? काहींचं निम्म्यावर येतं, काहींना ढिम्म फरक पडत नाही.

खोकल्याची भीती नको. खोलीत कॅमेरा आणि माईक असतो, पेशंट हलला की आम्ही बीम थांबवतो. दर वेळी आधी टेबलावरच कोन-बीम सीटी (उपचाराच्या मशीनवरच होणारा स्कॅन) काढून गाठ जागेवर आहे का ते पाहतो.

सानपाड्याची_मावशी

माझ्या दिरांचं पट्टा लावूनच झालं. पट्ट्यापेक्षा हात जास्त दुखले हो! दोन्ही हात डोक्यावर ठेवून व्हॅक्यूमच्या गादीत (हवा काढली की अंगाच्या आकारात घट्ट होते) पडून राहायचं. बाबांचा खांदा आखडलेला असेल तर आधीच सांगा. निघण्यापूर्वी पोटभर जेवण नको, हलकं काहीतरी द्या. इन्हेलर कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवा. घरी झोपवून हात वर करून शांत श्वासाची सवय लावा. रोखायला लावू नका, उगाच घाबरतात.

लिनॅकवाला_वाशी

मावशी, खांद्याचं बरोबर सांगितलंत. एक राहिलं. पोटाचं ऑपरेशन हल्ली झालं असेल, हर्निया असेल किंवा पोटातली महाधमनी फुगलेली असेल तर पट्ट्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

घोडबंदरकर

बाबांच्या बेंबीजवळ छोटा हर्निया आहे! दुखत नाही म्हणून घरात कुणी मोजतच नाही, आणि फॉर्मवर फक्त आधीची ऑपरेशन्स विचारली होती. उद्या सकाळीच फोन करते, गेटिंगचंही विचारते. पण पद्धत बदलली तर झालेला स्कॅन चालेल का? आईला पुन्हा उशीर नको आहे.

लिनॅकवाला_वाशी

ताई, फोर-डी सीटी साध्या श्वासावरच झाला असेल आणि गेटिंगही साध्या श्वासावर होणार असेल, तर तोच स्कॅन वापरता येऊ शकतो. ते फिजिसिस्ट पाहून सांगतील. पट्टा लावायचा ठरला तर मात्र पट्ट्यासकट नवा स्कॅन लागणार, कारण पोट दाबलं की आतले अवयव सरकतात आणि जुन्या चित्रावर प्लॅन करता येत नाही. फोनवर हर्नियाचं सर्वात आधी सांगा, स्कॅनचं नंतर.