गाडी मोडली, माणसं वाचली: चिलखताचं यश मोजायचं कसं?

(एक लेख आणि त्याखालच्या प्रतिक्रिया. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे; मूळ लेख दुर्गवाट यांचा.)

दुर्गवाट

चिलखती गाड्यांचा विषय निघाला की बोलणं हटकून पत्र्याच्या जाडीवर जातं. किती मिलिमीटर पोलाद, कोणती गोळी अडते, कोणतं क्षेपणास्त्र आरपार जातं. माझं म्हणणं असं की आत बसलेल्या सैनिकाचा जीव जाडीपेक्षा इतर गोष्टींवर जास्त अवलंबून असतो: तळाचा आकार, बसायची जागा, दारूगोळा कुठे ठेवलाय आणि स्फोटानंतर दार उघडतं का. गाडी मोडली म्हणून चिलखत फसलं असं म्हणणं चुकीचं आहे. गाडी मोडू दे. आतली माणसं कोणत्या अवस्थेत बाहेर आली ते सांगा.

१९७०च्या दशकात ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत कच्च्या रस्त्यांवर पेरलेल्या सुरुंगांनी सैन्याला जेरीस आणलं होतं. त्यातून ज्या गाड्या जन्मल्या त्यांतली सर्वात गाजलेली कॅस्पिर. तिचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता आणि जमिनीपासून ४१ सेंटिमीटर उंच. सपाट तळावर स्फोटाची लाट आदळली की तिचा सगळा जोर वर, माणसांकडे जातो. तिरक्या तळावरून तो दोन्ही बाजूंना निसटतो. चाकं उडून जातात, जाऊ देत. ती बदलता येतात. चाकाखाली २१ किलो किंवा तळाखाली १४ किलो टीएनटी हे स्फोटक फुटलं तरी माणसं वाचावीत, असा हिशोब धरून ती बनवली होती. ज्या राजवटींनी या गाड्या बनवल्या त्या वर्णद्वेषी होत्या आणि हीच कॅस्पिर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवरही घातली गेली, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही. पण आराखड्यातलं शास्त्र तेव्हाच सिद्ध झालं होतं.

तरीही २००३ साली अमेरिका इराकमध्ये उतरली ती सपाट तळाच्या हम्वी (जीपसारख्या लष्करी गाड्या) घेऊन. त्यांतल्या बहुतेकींना चिलखतच नव्हतं. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकाने सगळ्यांसमोर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना विचारलं, की गाड्यांना लावायचे पत्रे आम्हाला भंगारातून का उकरावे लागतात? सुरुंगरोधक ‘एमरॅप’ गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य मिळालं ते थेट मे २००७ मध्ये, पुढचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांच्या काळात. तंत्र तीस वर्षं जुनं होतं. मधल्या वर्षांत जी मुलं गेली त्यांचा विचार आला की मला अजूनही संताप येतो.

ताळेबंद

संताप समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. एमरॅपचा कार्यक्रम २७ हजारांहून जास्त गाड्यांचा झाला आणि खर्च ४५ अब्ज डॉलरच्या घरात गेला. २०१२ साली दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी सैन्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांची आकडेवारी घेऊन मांडलं की बिनचिलखती गाडीवरून मध्यम चिलखताच्या गाडीवर आल्याने जीव वाचले, मात्र मध्यमवरून एमरॅपवर आल्याने त्यात फारशी भर पडली नाही. किंमत मात्र तिप्पट: मध्यम गाडी पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास, एमरॅप सहा लाखांच्या आसपास.

सैनिकाच्या जिवाची किंमत करू नये, हे भावनेला ठीक आहे. पण पैसा एकाच पिशवीतून येतो. तोच पैसा रस्ता तपासणाऱ्या पथकांवर, टेहळणीवर, बॉम्ब पेरणाऱ्यांचा माग काढण्यावर घातला असता तर स्फोटच कमी झाले असते. चिलखत स्फोट झाल्यानंतर कामाला येतं. मला तो होऊच नये यावर खर्च करायचा आहे.

दुर्गवाट

त्या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष पेंटॅगॉनने (अमेरिकी संरक्षण खात्याने) मान्य केला नव्हता, हेही सांगायला हवं. तुकडीचे एकूण मृत्यू हा एक प्रश्न आणि स्फोट ज्या गाडीखाली झाला तिच्यातले किती जगले हा दुसरा. चांगली गाडी हाती आली की तुकडीला अधिक धोक्याच्या रस्त्यावर पाठवलं जातं. मग एकूण आकडा खाली येत नाही, पण त्याचं खापर गाडीवर फोडायचं का?

रस्ता तपासणाऱ्यांचं म्हणाल तर ती माणसं सगळ्यात आधी सुरुंगावर जातात. इराकमध्ये त्यांना बफेलो नावाची ‘व्ही’ तळाची गाडीच दिली होती. शोध आणि चिलखत यांत निवड करायची वेळ तुम्ही आणताय. प्रत्यक्षात शोध घेणाऱ्यालाच चिलखत आधी लागतं.

जुना पायदळी

मी बीएमपी या सोव्हिएत बनावटीच्या, पायदळाच्या चिलखती गाडीच्या मागच्या भागात बसून बरेच सराव केले आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो. दोन रांगा पाठीला पाठ लावून बसतात, मधे इंधनाची टाकी. मागच्या दोन दारांतही इंधनाची जागा. बाहेरचं दिसतं ते एवढ्याशा काचेतून. डोकं छताला लागतं, उकाडा असह्य होतो आणि गाडी कुठे वळली हेही कळत नाही. गोळी आणि तोफेच्या ठिकऱ्या अडतात, याबद्दल शंका नाही. त्यासाठीच ती बनली: अणुयुद्धाच्या धास्तीत, युरोपच्या सपाट मैदानावरून वेगाने पुढे जाण्यासाठी.

तीच गाडी सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात नेली आणि सैनिक आत बसेनात. छतावर बसू लागले. त्याआधी व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी त्यांच्या एम-११३ या सैनिकवाहू चिलखती गाडीबाबत हेच केलं होतं. दोन विरोधी गोटांतली सैन्यं, एकमेकांना न विचारता एकाच निर्णयावर आली: सुरुंग फुटला तर आत चिरडण्यापेक्षा वरून फेकलं गेलेलं बरं. वर बसलेल्याला साधी रायफलही मारू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी रोज दोन मरणांची तुलना केली आणि चिलखताच्या विरुद्ध कौल दिला. ज्या गाडीत बसायला तिचीच माणसं तयार नाहीत तिच्या संरक्षणाचे आकडे मला कोणी वाचून दाखवू नयेत.

दुर्गवाट

हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. पण हा कौल चिलखताच्या विरुद्ध होता की सपाट तळाच्या? कॅस्पिरच्या छतावर बसून सुरुंगापासून वाचायची गरज कोणाला पडली नसती.

अस्थिरोग

वैद्यकीय बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते. ‘वाचला’ या नोंदीत फार काही झाकलं जातं.

तळाखाली स्फोट झाला आणि पत्रा फाटला नाही, तरी तो काही मिलिसेकंदांत वर उसळतो. त्यावर पाय टेकलेले असतात. टाचेचं हाड चुरडतं, नडगी मोडते, धक्का बैठकीतून कमरेच्या मणक्यात जातो. दुसऱ्या महायुद्धात पाणसुरुंगावर गेलेल्या जहाजांच्या डेकवर उभ्या असलेल्या खलाशांमध्ये टाचेच्या अशाच जखमा डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. टाचेची ही मोडतोड अस्थितज्ज्ञाला नको वाटणाऱ्या दुखापतींपैकी आहे, कारण सांधा पूर्ववत होत नाही आणि कित्येकदा बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर पाय कापावा लागतो.

म्हणून नव्या गाड्यांत बैठक तळाला जोडत नाहीत, ती छताला किंवा भिंतीला टांगतात. पाय टेकायला वेगळी पट्टी असते. चाचणीत माणसाच्या मापाचे पुतळे बसवून नडगीवर, मणक्यावर, मानेवर किती जोर आला ते मोजतात. नाटोच्या ४५६९ क्रमांकाच्या प्रमाणकात गाडीखाली ६, ८ किंवा १० किलो स्फोटक फोडायच्या पायऱ्या आहेत, आणि पत्रा फाटला नाही एवढ्यावर गाडी पास होत नाही. पुतळ्याला बसलेला मारही मर्यादेत असावा लागतो. दुर्गवाट यांच्या मूळ मुद्द्याला यातून बळच मिळतं. पट्टा न बांधलेला सैनिक मात्र उत्तमातल्या उत्तम गाडीतही छतावर डोकं आपटून मान मोडून घेतो.

आणि मेंदू. बाहेरून ओरखडा नाही, पण झोप गेली, स्मरण गेलं, घरच्यांवर खेकसणं सुरू झालं. गाडीने त्याला जिवंत परत आणलं हे खरं. त्याला संपूर्ण परत आणलं, असं कोणी म्हणू नये.

पायवाट

चर्चा सगळी यंत्राची चालली आहे, समोरचा माणूस कुठेच नाही. चिलखत वाढवलं की तो बॉम्ब वाढवतो. १३ मार्च २०१८ रोजी छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ माओवाद्यांच्या स्फोटात सीआरपीएफचे नऊ जवान गेले. ते साध्या ट्रकमध्ये नव्हते, सुरुंगरोधक गाडीत होते. जमिनीत किती स्फोटक पुरायचं याला मर्यादा नाही, गाडीच्या वजनाला मात्र आहे. इराकमध्ये तर किलो वाढवायचीही गरज पडली नाही. रस्त्याच्या कडेला तांब्याची बशी बसवलेला बॉम्ब ठेवला की ती बशी स्फोटाने गोळीसारखी घडून सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास वेगाने बाजूच्या पत्र्यातून आत शिरायची. ‘व्ही’ तळ तिथे काय करणार?

शिवाय जड गाडी रस्ता सोडू शकत नाही. तिचा मार्ग शत्रूला आधीच माहीत असतो. खिडकीच्या जाड काचेआडून गावाशी बोलणंही होत नाही, आणि बंडखोरी मोडणारी माहिती गावातूनच येते. २०१० साली अफगाणिस्तानातल्या अमेरिकी आणि नाटो फौजांचे प्रमुख डेव्हिड पेट्रेयस यांनी सैनिकांना स्पष्ट सांगितलं होतं, की शक्य तिथे पायी गस्त घाला, लोकांपाशी थांबा. पायी चालणारी तुकडी दर वेळी वेगळी वाट धरू शकते. तेच तिचं चिलखत.

अस्थिरोग

त्या पायी गस्तीची किंमत काय पडली, तेही लिहा. दोन्ही पाय मांडीपासून गेलेले, सोबत ओटीपोटाच्या आणि हाताच्या जखमा, अशा रुग्णांची संख्या अफगाणिस्तानात त्या काळात इतकी वाढली की अमेरिकी सैन्याच्या डॉक्टरांना या जखमांच्या एकत्रित प्रकाराचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला. पायी जाण्याची लष्करी कारणं मी समजू शकते. पण त्याला संरक्षण म्हणू नका. गाडीत जी ताकद पोलादाने झेलली असती ती तिथे हाडामांसाने झेलली.

पायवाट

मान्य, ‘चिलखत’ हा शब्द मी वापरायला नको होता. पण किस्टारामचं उत्तर कोणी दिलं नाही.

दुर्गवाट

उत्तर देतो. प्रत्येक गाडी ठरावीक स्फोटापुरतीच बनते आणि त्या मर्यादेपलीकडे ती हरणार. ‘सुरुंगरोधक’ नावामुळे जवानाला आणि त्याला पाठवणाऱ्यालाही वाटतं की आता काही होणार नाही. हा खोटा विश्वास धोकादायक आहेच. पण मोठा बॉम्ब पेरायला जास्त स्फोटक लागतं, जास्त खोदावं लागतं, वेळ आणि माणसं जास्त लागतात. तितका तो सापडण्याची शक्यता वाढते. चिलखताने शत्रूचं काम अवघड केलं, हाही फायदाच आहे.

आकाशकंदील

तुमची सगळी चर्चा जमिनीखालच्या बॉम्बची आहे. युक्रेनने तो अध्याय मागे टाकला. तिथे काही शे डॉलरचा ड्रोन आरपीजीचं (खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचं) स्फोटकाग्र घेऊन येतो आणि चालवणारा नेमकी जागा निवडतो: छत, इंजिन, मागचं दार. चिलखताची जाडी समोर असते, छत पातळ. लोखंडी जाळ्या लावल्या, २०२४ मध्ये तर रशियनांनी अख्ख्या रणगाड्यावर पत्र्याची शेड बांधली. तरी भागेना, म्हणून हल्ल्याला मोटरसायकलवरून माणसं पाठवायला सुरुवात केली. जिथे सैन्य चिलखतापेक्षा मोटरसायकलचा वेग पसंत करतं तिथे हा वाद संपलेला आहे.

जुना पायदळी

संपलेला नाही. मोटरसायकलवर गेलेल्यांपैकी परत किती आले, ते विचारा. ज्या सैन्याला माणूस स्वस्त वाटतो त्याने काय निवडलं, यावरून माणूस वाचवणाऱ्या गाडीची परीक्षा होत नाही.

त्याच युक्रेनमध्ये दुसरा दाखला आहे. टी-७२ या सोव्हिएत रणगाड्यात तोफेचे गोळे बुरुजाखाली (तोफ बसवलेल्या फिरत्या भागाखाली), माणसांच्या पायाशी गोल रचलेले असतात. चिलखताला छेद गेला आणि ते पेटले की बुरूज उडतो, आणि तिघांपैकी सहसा कोणी उरत नाही. अमेरिकन अब्राम्स रणगाड्यात बहुतेक गोळे बुरुजाच्या मागे वेगळ्या कप्प्यात, मधे पोलादी दार, वर मुद्दाम कमकुवत ठेवलेलं झाकण. आग वर जाते. पायदळाच्या अमेरिकन ब्रॅडली गाड्याही ड्रोनने, सुरुंगाने निकामी झाल्या, पण त्यांतून उतरून चालत मागे आलेल्या युक्रेनी सैनिकांनीच त्या गाडीचं नाव केलं.

गाझातलंही तसंच. २० जुलै २०१४ रोजी तिथल्या शुजाइया वस्तीत जुन्या एम-११३ गाडीत सात इस्रायली सैनिक मारले गेले. रणगाड्याच्या सांगाड्यावर बनवलेली नामेर गाडी तेव्हा त्याच सैन्याकडे होती, फक्त पुरेशा संख्येने नव्हती.

ताळेबंद

आणि ती पुरेशी का नव्हती? कारण ती महाग आहे. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो आपण. सर्वोत्तम गाडी थोड्यांना आणि बाकीच्यांना भंगार, की मध्यम गाडी सगळ्यांना? मी आजही दुसरा पर्याय निवडेन.

दुर्गवाट

जे उद्या सुरुंगाच्या रस्त्यावर जाणार आहेत त्यांना पहिली, लष्करी छावणीत राहणाऱ्यांना तुमची मध्यम. सरसकट एकच माप लावण्याला माझा विरोध आहे.

जुना पायदळी

गाडीइतके पैसे न लागणारी एक गोष्ट दोघांच्याही हिशोबात नाही: उलटलेल्या गाडीतून बाहेर पडायचा सराव. इराकमध्ये हम्वीला जाड पोलादी दारं लावली तेव्हा गाडी उलटली की ती दारं आतून उघडेनात. बाहेरून आकडा अडकवून दुसऱ्या गाडीने ओढावी लागत. एमरॅप उंच, वरचा भाग जड. अफगाणिस्तानातल्या कालव्यांच्या मऊ कडा तिच्या वजनाखाली ढासळायच्या आणि उलट्या गाडीत पाणी भरायचं. मग अमेरिकन सैन्याने गाडीचा डबा फिरत्या सांगाड्यावर बसवला, त्यात पूर्ण साज चढवलेले सैनिक पट्ट्याने बांधले, उलटे केले आणि बाहेर पडायला लावलं. पट्टा कधी सोडायचा, हात आधी कुठे टेकायचा, तोफची कोणी ओढून आत घ्यायचा, हे अंधारात हाताला कळेपर्यंत. नवी गाडी तुकडीला मिळते त्याच आठवड्यात हे व्हायला हवं. कोणत्याही सैन्यात, चिलखत कितीही मिलिमीटरचं असो.