वोडकाला चव नसते?

‘वोडकाला चव नसतेच, नुसती किक असते’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. बाटली फ्रीझरमध्ये गोठवायची, वर लिंबू-सोडा ओतायचा, मग चव कुठून कळणार! गेल्या शनिवारी गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर तीन ग्लास मांडले, बर्फाशिवाय. राईची (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) मिरीसारखी चावरी, गव्हाची मऊ, किंचित गोडसर. बटाट्याची मात्र जड, जिभेवर सायीसारखी पसरणारी. मला तीच आवडली, बायकोला अजिबात नाही.

ऊर्ध्वपातनात मद्यार्क ९५-९६ टक्क्यांपर्यंत नेतात आणि पाणी घालून ४०च्या आसपास आणतात. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळे पाणी कसलं यालाही महत्त्व आहे. कोळशातून फार गाळलं की वासाबरोबर स्वभावही जातो. अमेरिकेच्या नियमांतही वोडका ‘वास-चव नसलेली’ हवी असं होतं, ती अट २०२० मध्ये काढली.

आणि हो, सिरॉक नावाची वोडका फ्रान्समध्ये द्राक्षांपासून बनते. आपल्या नाशिकची द्राक्षं वाइनला जातात, बेदाण्याला जातात, वोडकाला का नाही? कुणी केलीच, तर पहिला ग्लास माझा.